घड्याळाच्या हाताला पाच

२७ जुलै, रविवार

माझ्या पोरीची, विशूची, पिकअप आज पुन्हा रुतली. महिन्यात दुसऱ्यांदा. डोंगराच्या पायथ्याला, नाल्याच्या अलीकडे, डांबर संपून काळी माती सुरू होते तिथेच. मागे मिरचीच्या बियाणे प्लॉटवर क्रॉसिंग करणाऱ्या अकरा बाया. सगळ्या उतरून ढकलत होत्या. डावं चाक जागच्या जागी गरगर फिरून चिखल उडवतंय, उजवं ढिम्म. पोचायला साडेनऊ. फुलं काही बायांची वाट बघत थांबत नाहीत. सकाळच्या दोन तासांत पराग लावला तर लावला, नाहीतर त्या दिवसाचं बी गेलं.

कंपनीचे साहेब म्हणाले म्हणे, "मॅडम, आणखी एकदा लेट झालं तर वरचे प्लॉट दुसऱ्याला द्यावे लागतील." पोरगी घरी आली ती गुडघ्यापर्यंत काळी. सत्तावीस वर्षांची घोडी, पण तोंड चौथीतल्या पोरीसारखं झालेलं. जेवली नाही. माझ्याशी बोलली नाही, म्हणजे काहीतरी मागायचं आहे. ही सवय थेट बापाची.

संध्याकाळी गफूरभाई आले तेव्हा कळलं काय मागायचं ते.

२८ जुलै

काल रागात अर्धंच लिहिलं.

गफूर मिस्त्री उत्तमचे जोडीदार. (उत्तम म्हणजे माझे यजमान. तोंडाने जन्मात नाव घेतलं नाही, वहीत मात्र पहिल्यापासून उत्तमच. वही कोण वाचतंय.) धावड्यात दोघांचं गॅरेज. इंजिन गफूरभाईंचं, मागचा एक्सल उत्तमचा, अशी वाटणी. एकमेकांच्या कामात बोट घालायचं नाही. उत्तमला जाऊन पावणेदोन वर्षं झाली. त्याची जीप (भोकरदनपर्यंत पॅसेंजर न्यायची ती काळी-पिवळी) अंगणात लिंबाखाली उभी.

गफूरभाई ओट्यावर बसले, चहा घेतला, जीपकडे एकदाही बघितलं नाही. तेव्हाच मला शंका आली. मग म्हणाले, "भाभी, विशूच्या गाडीच्या मागच्या एक्सलला लॉकर पायजे, मंग चिखलात न्हाई रुतायची. नवा भेटून न्हाई राह्यला. जालन्यापत्तोर जाऊन आल्तो मी. असा माल आता एकच हाय, अन् तो तुमच्या अंगणात उभा हाय."

मी म्हणाले, अंगणात उभी आहे ती जीप आहे, माल नाही.

चहाचा कप खाली ठेवून गेले बिचारे. अर्धा तसाच. मी पण ना.

२९ जुलै

विशूशी भांडण. जसंच्या तसं लिहून ठेवते, पुढे कामाला येईल.

"आई, पप्पा गेल्यापासून ती जीप एक फूट हाललेली न्हाई. तू नुसती पुसून राह्यलीस."

"मग पुसू नको?"

"टायर बसले. बॅटरी मेली. उद्या भंगारवाला नेईल अन् जालन्याला एमआयडीसीत भट्टीत टाकील. सळया होतील पप्पांच्या जीपच्या. कुणाच्यातरी संडासाच्या स्लॅबमध्ये जातील."

संडासाचं मुद्दाम म्हणाली. मी तोंड फिरवून आत आले आणि भाकरी थापता थापता हसू आलं. तिला दिसू दिलं नाही.

३१ जुलै

दुपारी जीपमध्ये जाऊन बसले. रोज बसते, उगाच लपवायचं काय. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, माझ्या जागेवर.

लॉकर म्हणजे काय हे मला उत्तमने माझ्याच, शाळेच्या बाईच्या भाषेत समजावलं होतं. म्हणाला, "तुझी पोरं पीटीला हातात हात धरून रांगेत चालतात, अन् रांग वळते. कडेचं पोरगं पळतं, आतलं जागेवरच पाय वाजवतं. बरोबर? गाडीच्या मागच्या दोन चाकांचं तसंच. वळताना दोघांना वेगवेगळं चालू देतं ते डिफ्रेन्शियल. चांगलंय. पण चिखलात तेच नडतं. एक चाक नुसतं नाचत राहतं, सगळी ताकद खाऊन टाकतं, दुसरं बघत बसतं. लॉकर दोघांना म्हणतो, धरा रे हात, चला बरोबर."

आणि हा आमचा लॉकर वळणावर बोलायचा. कट्-कट्-कट्. पाराच्या वळणावर तो आवाज आला की मी आधण ठेवायचे. जीप दारात येईपर्यंत पाण्याला उकळी. सव्वीस-सत्तावीस वर्षं हे चाललं. माझ्या चुलीची घंटाच ती.

ती घंटा मी काढून देऊ? आणि विशू म्हणते, उभ्या जीपचा आवाज तरी कुठे येतो. खरं आहे. खरं आहे म्हणूनच राग येतो.

१ ऑगस्ट

तो लॉकर आणला तो दिवस आठवत बसले. औरंगाबाद. (आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं, पण त्या दिवशी औरंगाबादच होतं.) मला साडी घ्यायला म्हणून नेलं. गुलमंडीवर एक निळी आवडली, घेतली. मग म्हणाला, जरा पाचच मिनिटं. त्या पाच मिनिटांत जुन्या लोखंडाच्या बाजारात दोन तास. लष्कराच्या लिलावातल्या एका गाडीच्या लॉकरचं काळंकुट्ट धूड हातात घेऊन असा उभा, जसं सुईणीने पोर दिलंय हातात.

परतीच्या एसटीत गर्दी. त्याला उभं राहावं लागलं, मला जागा मिळाली, म्हणून ते पोत्यात गुंडाळलेलं दहा-बारा किलोचं लोखंड माझ्या मांडीवर. पोत्यातून तेल पाझरलं आणि नव्या साडीच्या पिशवीत उतरलं. एकदाही न नेसलेल्या साडीवर वीतभर डाग. मी भोकरदनपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. पुढेही दोन दिवस.

नंतर आयुष्यभर टोमणा. कुणी साडीचं नाव काढलं की, "आमच्याकडे साडी आणायला गेलं की लोखंड येतं." तो नुसता हसायचा. एकदाही उलटून बोलला नाही, याचं आत्ता नवल वाटतं.

२ ऑगस्ट, शनिवार

हो म्हणाले.

काल विशू पहाटे चारला उठून बायांना घेऊन निघाली, गाडी चिखलाच्या अलीकडेच ठेवून पायी जायचं म्हणून. तीन किलोमीटर चिखलातून अकरा बाया चालल्या. त्यातल्या लंकाबाईचा पाय मुरगळला. अशाने कोण येईल हिच्या कामावर?

गफूरभाईंना बोलावून अट घातली. काढून नेणं नाही. अदलाबदल. जीपचा एक्सल लॉकरसकट पिकअपला, पिकअपचा जीपला. जीप चार चाकांवर उभी राहिली पाहिजे.

"भाभी, मी तेच म्हणून राह्यल्तो की. तुम्ही आयकूनच न्हाई घेतलं."

ऐकून घेतलं नाही हे खरं. छत्तीस वर्षं मास्तरकी केल्यावर ही खोड जात नाही.

५ ऑगस्ट

अंगणात दोन गाड्या पाठीला पाठ लावून. विशूची पिकअप तिने अंबडहून जुनी आणलेली, पण मागचा सांगाडा जीपच्याच जातीचा, गफूरभाई म्हणतात. तरी खात्री करायची. दोन्ही गाड्यांची मागची चाकं उचलली, चाकावर खडूने खूण केली. दोन्ही चाकं बरोबर एक फेरा फिरवायची आणि पोटाखालचा लांब दांडा किती फेरे घेतो ते मोजायचं. मोजायचं काम माझ्याकडे. खडूही माझाच, कपाटात अजून दीड डबा आहे.

दोन्हीकडे आकडा एकच आला. गफूरभाई खूश. "बराबर जमतंय. जोड्याला जोडा."

मला आतून वाटत होतं आकडा चुकावा.

६ ऑगस्ट

एक्सल सुटला. बोल्टला दोन दिवस डिझेल पाजून ठेवलं होतं तरी एक बोल्ट कापावा लागला. जीपचं मागचं अंग लाकडी ठोकळ्यांवर. बघवलं नाही, पण बघत राहिले.

मधल्या गोल डब्याच्या वरच्या खाचेत वाळलेल्या चिखलाचा थर. काळा, कडक. त्या पायथ्याच्या रस्त्याचाच; वरच्या वस्तीवर माझी शाळा होती तेव्हा तो मला जीपने याच रस्त्याने सोडायचा. खुरप्याने काढला आणि मोगऱ्याच्या कुंडीत टाकला. उत्तम म्हणायचा, एवढा चिखल तुझ्या शाळेचा, माझ्या पॅसेंजरचा नाही. मी लक्ष दिलं नव्हतं.

संध्याकाळी विहारात वर्षावासाचं वाचन. मन लागलं नाही. शेजारच्या बाई काय वाचत होत्या आणि मी चाकं मोजत होते.

८ ऑगस्ट, शुक्रवार

घोळ झाला.

एक्सल दोन वर्षं उभा राहिलेला, म्हणून आतली बेअरिंगं बदलायची ठरली. गफूरभाईंनी तो बाहेर लोखंडी घोडीवर ठेवून उघडला. आत दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पातळ चकत्या असतात. (ते शिम म्हणतात.) कुठल्या बाजूला किती, त्यावर आतल्या दातांची गाठ बसते. एखादी इकडची तिकडे झाली की दात एकमेकांना खातात. तर गफूरभाईंनी दोन्ही बाजूंच्या चकत्या एकाच रॉकेलच्या डब्यात धुवायला टाकल्या.

इंजिनवाला माणूस. धुवायचं म्हटलं की सगळं एका डब्यात, सगळी हयात तसंच केलेलं. डब्यात हात घालून नुसते बसून राहिले.

"भाभी, गलती झाली. एकूण आठ हायेत. कुठं किती, ते एक उत्तमलाच ठाऊक होतं."

मी म्हणाले, मलाही ठाऊक असेल. थांबा.

ट्रंक काढली. शहाण्णव सालची वही, खाकी पुठ्ठा. लॉकर बसवला त्या दिवशी तो गाडीखाली होता, कागद जवळ नव्हता, म्हणून ओरडून मला सांगितलं आणि मी हातातल्या वहीतच लिहिलं. सापडलं:

"चकत्या. घड्याळाच्या हाताला ५, दुसऱ्या हाताला ३. आवाज बंद झाला. संध्याकाळी पिठलं."

डावा-उजवा तो कधी म्हणायचाच नाही. लहानपणापासून गोंधळ व्हायचा म्हणे. घड्याळाचा हात आणि दुसरा हात, संपलं. घड्याळ डाव्या मनगटावर. गफूरभाईंनी वही डोळ्यांजवळ नेली, "माशाल्ला" म्हणाले, आणि डाव्या बाजूला पाच, उजव्या बाजूला तीन घातल्या. आज मी शाळेतल्यापेक्षा ताठ मानेने फिरले.

१० ऑगस्ट, रविवार

एक्सल पिकअपला बसला. चालवून बघायला फाट्यापर्यंत गेलो तिघं.

रडते. गाडी अक्षरशः रडते. वेग घेतला की वरच्या सुरात, सोडला की खालच्या. पाराच्या वळणावर कट्-कट् आलं, पण ते त्या रडण्यात बुडून गेलेलं. फाट्यावर उतरून विशूने मधल्या डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला, इतका तापलेला.

परत येताना विशू वीसच्या वेगाने चालवत आली.

११ ऑगस्ट

गफूरभाईंचं मत: आतले दात गेले. "भाभी, वय झालं त्या मालाचं. चालवलं तर चारच दिवसांत तुकडे होतील, अन् चाक जाम झालं तर पोरीच्या जिवावर. मी म्हणतो, काढून टाकू. जुना एक्सल परत लावू, अन् हा..." भंगार म्हणायचं होतं.

विशू म्हणाली, "मंग वरचे प्लॉट मी सोडून देते. पप्पांचं ते तुकडे होऊन राह्यलेलं मला न्हाई पाहायचं."

म्हणजे प्लॉट पण गेले आणि लॉकर पण. आणि हे सगळं माझ्या वहीवर विसंबून.

तो म्हणायचा, हा लॉकर माझ्यानंतर पण चालेल. बढाया मारायचा माणूस नव्हता.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज जे झालं ते नीट, क्रमाने लिहिते.

सकाळी विशू पिकअपखाली शिरली, तेल गळतंय का बघायला. मी मागे उजेडाला बॅटरी धरून उभी. बाहेर दिसत होते फक्त तिचे दोन पाय, अंगठे आभाळाकडे. बापाचेच पाय. अर्धा संसार मी दोन पायांशी बोलत केला आहे. भाजी कुठली करू, पायांना विचारायचं. विशूच्या शाळेची फी, पायांना. पाय हलले की हो, नाही हलले की ऐकलं नाही.

खालून विशू: "आई, उजवीकडं धर."

मी उजवीकडे धरली.

"अगं माझ्या उजवीकडं!"

मी म्हणाले, मग उजवीकडेच तर धरली. आणि हात तसाच राहिला.

ती उताणी. डोकं इंजिनाकडे, पाय माझ्याकडे. माझ्या उजवीकडे तिचा डावा हात. आणि उत्तम? उत्तम नेहमी तसाच शिरायचा. मागून, डोकं आधी, उताणा. त्याच्या घड्याळाचा हात म्हणजे गाडीची डावी बाजू नव्हेच. ड्रायव्हरची बाजू! गफूरभाई सगळी हयात बोनेटवर वाकून उभे राहिलेले; त्यांनी उभ्याने विचार केला, एक्सलच्या मागे उभं राहून, आपल्या डाव्या हाताला पाच घातल्या. उलट्या.

खात्री पाहिजे म्हणून घरात गेले. कपाटातून त्याचं घड्याळ काढलं, डाव्या मनगटावर बांधलं आणि मधल्या खोलीत फरशीवर उताणी पडले, पाय दाराकडे. साठ वर्षांची बाई. घड्याळाचा हात खिडकीकडे आला. उठून दाराकडे पाठ करून उभी राहिले तर डावा हात भिंतीकडे. पुन्हा पडले, पुन्हा उठले.

विशू दारात येऊन उभी. "आई, बरं न्हाई का वाटून राह्यलं?"

मी जमिनीवरूनच म्हणाले, गफूरचाचांना बोलव. पळ.

१३ ऑगस्ट

गफूरभाईंनी एक्सल पुन्हा खाली उतरवला. ड्रायव्हरच्या बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला तीन. दात तपासले. घासले गेलेत, पण तुटलेले नाहीत; वीसच्या वेगाने आणली ते बरं झालं.

ते काम करत होते तेवढा वेळ मी ओट्यावर तीच वही चाळत बसले. चकत्यांच्या नोंदीच्या आधीची पानं. आणि हे वाचलं. उतरवून ठेवते, शाई पुसट झाली आहे:

"आज तपासणीचे साहेब शाळेवर आले. नाल्यापाशी आमची जीप रुतली, पुढे मी चालत गेले, चपला हातात. शाळा साडेदहाची, पोचले सव्वाअकराला. हजेरीपटावर लाल शेरा. साहेब मला सगळ्या पोरांसमोर बोलले. उत्तमला सांगितलं. तो काही बोलला नाही, जेवला आणि झोपला."

त्याच्या पाचव्या दिवशी: "औरंगाबादला साडी घ्यायला जायचं म्हणतो. आज सूर्य कुठून उगवला?"

दोन पानं. एकामागे एक. माझ्याच अक्षरात. तेव्हाही मी जोडून वाचली नाहीत, नंतरही नाही.

गफूरभाईंना विचारलं, लॉकर पॅसेंजरसाठीच घेतला होता ना?

ते हात पुसत म्हणाले, "भाभी, काळी-पिवळीचा रूट कोणता? धावडा ते भोकरदन. सारं डांबर. तिथं लॉकर कायले लागतो? मी तर त्याला म्हणल्तो, बेकार खर्चा करून राह्यला. तर म्हणे, बाईच्या हजेरीवर परत लाल शाई न्हाई आली पायजे." मग माझ्याकडे बघून, "तुम्हाला ठाऊक न्हवतं?"

नव्हतं ठाऊक. त्यानंतर अकरा वर्षं त्या वस्तीवरच्या शाळेत गेले, एक दिवस उशीर झाला नाही, आणि मला वाटायचं मी वक्तशीर आहे. त्याबद्दल एकदा तालुक्याला सत्कारही झाला. शाल-श्रीफळ. तो मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

सव्वीस वर्षं त्या साडीवरून बोलले. एकदा तरी म्हणायचं होतंस रे. भांडताना तरी.

खूप रडले. लिहितानाही.

१४ ऑगस्ट

विशू आणि गफूरभाई फाट्यापर्यंत, पुढे भोकरदनच्या वाटेवर दहा किलोमीटर, परत. रडणं नाही. डबा कोमट. गफूरभाईंनी उतरून गाडीच्या मागच्या फळीवर थाप मारली आणि नुसतं "उत्तम" म्हणाले.

मी घरी होते. पाराच्या वळणावर कट्-कट्-कट्. माझा हात आपोआप पातेल्याकडे गेला. विशू आत आली तर चहा उकळलेला. म्हणाली, "तुला कसं कळलं मी आली म्हणून?"

सांगितलं नाही. मीही आता कुणाला सगळं सांगत नाही.

१६ ऑगस्ट

वहीत नीट लिहून ठेवते. पुढे ज्याला लागेल त्याच्यासाठी: ड्रायव्हरच्या बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला तीन. उभे असा की आडवे, ड्रायव्हरची बाजू बदलत नाही. विशूलाही तोंडपाठ करून घेतलं. ती म्हणाली, "आई, मी घड्याळ घालतच न्हाई."

२२ ऑगस्ट, पोळा

गावात बैल रंगवून वेशीकडे निघालेले. पोळ्याला उत्तम जीप धुवायचा. आमच्याकडे बैल कधीच नव्हते. तो म्हणायचा, आपला बैल हाच. बोनेटला गेरू, आरशाला गोंडा, आणि गावभर एक चक्कर. लोक हसायचे, पोरं मागे पळायची.

आज मी आणि विशूने धुतली. गफूरभाईंनी नवी बॅटरी आणून लावली, तिसऱ्या झटक्याला चालू झाली. विशूने मला धरून ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. म्हणाली, "लॉकर माझा झाला, मंग जीप तुझी. शीक आता." मी म्हणाले, कागद संपत आलेत हिचे, पासिंग करावं लागेल, आणि साठाव्या वर्षी कोण शिकतं? गफूरभाई म्हणे, "क्लच दाबा भाभी, पासिंगचं नंतर पाहू."

पहिल्या गिअरमध्ये लिंबापासून फाटकापर्यंत नेली. एकदा बंद पाडली. फाटकातून बाहेर काढून पाराच्या वळणावर वळवली तर काहीच आवाज नाही. साधी गाडी, गुपचूप वळली. वाईट वाटलं. पण गोंड्यासकट बरी दिसत होती, हेही लिहिते.

२५ ऑगस्ट, सोमवार. सकाळ.

काल दुपारपासून पाऊस, पहाटे थांबला. या मोसमातला सगळ्यात मोठा. चौदा तारखेपासून उघडीपच होती, त्यामुळे खऱ्या चिखलात लॉकर अजून एकदाही उतरलेला नाही. आज उतरणार. वरच्या प्लॉटला आजच फुलं जास्त आहेत आणि कंपनीचे साहेब पण येणार आहेत.

विशू बाया घेऊन निघाली. लंकाबाई पण आली, पायाला पट्टी बांधून. मला म्हणाली, "बाई, आमी पयदल जाऊ का गाडीत बसून ऱ्हाऊ?" मी म्हणाले, बसून राहा. गुरुजींची गॅरंटी आहे. उत्तमला सगळे गुरुजी म्हणायचे, माझ्यामुळे. मिस्त्री असून.

जाताना पाराच्या वळणावर आवाज आला. मग नाही.

नाल्यापाशी मोबाइलला रेंज नसते. सात वाजले. साडेसात. आता फुलं उमलली असतील. जीपची किल्ली पदराला बांधून ठेवली आहे, गरज पडली तर फाट्यापर्यंत तरी नेईन, पुढचं पुढे. गफूरभाई गॅरेज उघडायला गेलेले नाहीत, आमच्याच ओट्यावर बसून आहेत आणि पेपर वाचल्यासारखं करताहेत. उत्तमचं घड्याळ मनगटावर आहे, चालू केलंय.

शाळेत हजेरीपटावर ओळी आखायचे तशा इथे आखते.

निघाली : ५.४०

पोचली :